आडव्या पाईपची किंमत

कोल्हारच्या भागवतरावांनी डाळिंबाच्या रोपांच्या नर्सरीत चांगलं कमावलं आणि पन्नाशीनंतर दोन गाड्या घेतल्या. पहिली चंदेरी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. गावातल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं आणि भागवतरावांच्या काळजाला चरे पडायचे. दुसरी त्याच मॉडेलची रेसिंगची गाडी, थेट कोइमतूरहून टेम्पोत घालून आणलेली. तिला एसी नव्हता, नंबर प्लेट नव्हती, सीट एकच. गाडी उलटली तरी माणूस वाचावा म्हणून आत जाड पाईपांचा पिंजरा होता. रस्त्यावर आणायची तिला परवानगी नाही, म्हणून भागवतराव ती बागेभोवती फिरवायचे.

साठीला पाठ कुरकुरायला लागली. डॉक्टर म्हणाले, असल्या बुटक्या गाड्या बंद. भागवतरावांनी दोन्ही पोरांना बोलावलं. थोरला वैजनाथ हायस्कूलमध्ये शिक्षक, धाकट्या अंगदचं गावातच हार्डवेअरचं दुकान.

"एकेक घ्या. पन आधी किमती काढा. मागनं कुनाचं रडगानं आयकायचो न्हाई मी."

किमती काढायला सावेडीहून धनश्री आली. जुन्या गाड्यांच्या धंद्यात तिला बारा वर्षं झाली होती. तिनं चंदेरी गाडीखाली आडवं होऊन पाहिलं आणि केस झटकत उठली.

"हिचे बावीस येतील. दरवर्षी दोन-अडीच लाख उतरतील."

"आणि ती?" वैजनाथनं विचारलं.

"तिला आरसी नाही. साध्या गिऱ्हाइकाला ती घेऊन काय करायचंय? फार तर सहा."

वैजनाथ लगेच म्हणाला, "मी थोरला. चंदेरी माझी."

"म्हंजी भंगार माझ्याकडं!" अंगदनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात धनश्रीनं विचारलं, "काका, हिची शर्यतींची वही आहे का?"

वही खतांच्या पावत्यांत सापडली. सात शर्यती. एकीतही पहिल्या तिघांत नंबर नाही, पण एकदाही ठोकलेली नाही. आधीचा मालक फारच जपून चालवणारा असावा. धनश्रीनं पुण्याच्या एका शर्यतवाल्याला फोन लावला, वहीचे फोटो पाठवले आणि पाच मिनिटांनी शांतपणे म्हणाली, "पस्तीस देतोय."

 मग वैजनाथनं घसा साफ केला.

"अंगद, तुझ्यावर अन्याय झाला असं मला वाटतंय. तू चंदेरी घे."

"न्हाई न्हाई दादा, तुमी थोरले. तुमचा मान हाय." एरवी दादाला अरेतुरे करणारा अंगद एकदम अदबीनं बोलायला लागला.

पुणेकराची एकच अट होती. इंजिनाचा आवाज फोनवर ऐकवा. गाडी चालू करायची कशी ते फक्त भागवतरावांना माहीत. पाठीला हात लावत त्यांनी दारातल्या आडव्या पाईपवरून एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि धपकन सीटमध्ये बसले. बटण दाबलं. गोठ्यातल्या म्हशी दावी तोडायला लागल्या. "वा!" पुणेकर फोनवरून ओरडला. "उद्या टेम्पो पाठवतो!"

भागवतरावांनी इंजिन बंद केलं आणि उठायला गेले.

"आयाया! उसन भरली!"

पुढे हलता येईना, मागे हलता येईना. ओढलं की ते बोंबलत. सीट खोलावी तर तिचे नट नेमके त्यांच्याच बुडाखाली.

"दाराचा पाईप कापला तर सरळ बाहेर येतील," धनश्री म्हणाली. "पण मग पिंजरा शर्यतीला चालणार नाही. पस्तीस विसरा."

वैजनाथनं अंगदकडे पाहिलं. अंगदनं पाईपकडे पाहिलं.

"थोडं शेकून बघू या का?" वैजनाथ म्हणाला.

"व्हय. संध्याकाळपातूर उतरंल बी."

"मी हितंच हाय रं!" आतून भागवतराव ओरडले. "आयकू येतंय मला!"

घरातून त्यांची बायको सविताबाई कणकेच्या हातांनीच बाहेर आल्या. त्यांनी दोन्ही पोरांकडे असं पाहिलं, की अंगद लगेच मोटारसायकलवर बसला आणि दुकानातून ग्राइंडर घेऊन आला. ठिणग्या अंगावर उडू नयेत म्हणून वैजनाथनं वडिलांवर ओली गोधडी धरली. पस्तीस लाखांचा पाईप दोन मिनिटांत तुटला. चौघांनी मिळून भागवतरावांना बाजेवर आणून निजवलं.

वैजनाथ मान खाली घालून उभा राहिला. "चुकलं, आण्णा."

"चंदेरी ह्या पोरीला इका," भागवतराव म्हणाले. "पैसं निम्मं निम्मं. ती दुसरी कुनाला न्हाई."

पंधरा दिवसांनी धनश्री चंदेरी गाडी न्यायला आली, तेव्हा डाळिंबाच्या बागेमागून धुरळा उठत होता. रेसिंगची गाडी बैलगाडीच्या वेगानं आली आणि ओसरीसमोर थांबली. भागवतराव पाईप नसलेल्या दारातून आरामात पाय बाहेर टाकून उतरले.

"त्यो पाईप गेला ते लई बेस झालं बघ. आता रोज बसतो."

"आणि पाठ, काका?"

"बसल्यावर न्हाई दुखत," ते कंबर धरत म्हणाले. "उतरल्यावर दुखती. म्हनून उतरतच न्हाई लवकर."