हिरवा गोल

गोल दिसायला सुंदर होता, हे मी आजही नाकारणार नाही. स्क्रीनच्या मधोमध, फिकट हिरवा, हेडफोनमध्ये सूर वाजला की हळूच उजळणारा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी कान तपासणारं ॲप केलं होतं. खालपासून वरपर्यंत चाळीस सूर वाजतात, ऐकू आला की बटण दाबायचं, शेवटी गुण आणि आलेख. प्रोग्रॅम माझा, सूर मी बनवलेले, रंगही मीच निवडलेले. त्या एका गोलावर चार दिवस घातले होते आणि वर्गभर मिरवून झालं होतं.

पहिली तपासणी बाबांची केली. बाबा पस्तीस वर्षं पियानो सुरात लावून देतात. आमच्या पुढच्या खोलीत कायम एखादा पियानो पोट उघडून उभा असतो. त्या महिन्यात संगीतशाळेच्या बाईंचा दुसऱ्यांदा फोन आला होता, की वरच्या पट्ट्या बेसूर लागल्यात. शाळेचे अकरा पियानो लावायचं काम बाबांकडे असतं. ते गेलं तर बाबांकडे उरतं काय? बाबा भडकलेच.

"नाचता येईना अंगण वाकडं! बाईंना म्हणावं, आधी स्वतःचे कान तपासा."

"तुमचेच तपासू या ना," मी म्हणाले. मला अतिशहाणपणाची सवयच आहे.

बाबांना चाळीसपैकी चाळीस मिळाले.

"मग तो ओव्हन केकाटत असतो तेव्हा हे उठत का नाहीत?" आईने विचारलं.

"तो आळस. त्याचा कानाशी काय संबंध?" बाबा म्हणाले आणि आम्ही तिघंही हसलो.

त्यांनी आलेख छापून घेतला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि थेट संगीतशाळेत जाऊन बाईंच्या टेबलावर उलगडला. बिचाऱ्या बाईंनी माफी मागितली. "पोरीनं लाज राखली," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

आठवड्याने सरांनी प्रोजेक्ट तपासला. हेडफोन चढवून बसले, बटण दाबत गेले. चाळीसपैकी चाळीस. मी खूश. मग सरांनी खाली वाकून हेडफोनची पिन उचलली आणि माझ्या हातात ठेवली. ती लॅपटॉपला लावलेलीच नव्हती, लॅपटॉपचा आवाजही बंद होता; सर नुसता गोल उजळला की बटण दाबत होते.

"डिझाइन छान आहे," सर म्हणाले. "ठार बहिऱ्यालाही पैकीच्या पैकी."

वर्ग खो खो हसला. मीही हसले, आणि मग बाबांच्या खिशातला कागद आठवला.

गोल काढून टाकायला एक ओळ पुरली. घरी आल्यावर बाबांना म्हणाले, "थोडी सुधारणा केलीय, परत बसता का?" खरं काय ते सांगायला जीभच उचलेना. देवाचं नाव कधी न घेणारी मी मनात धावा करत होते, की पुन्हा चाळीस येऊ देत. मी बाजूला बसले, पिन दोनदा दाबून पाहिली आणि सुरू केलं.

सुरुवातीला बोट टकाटक चाललं. अठरा, एकोणीस, वीस. बाविसाव्या सुरानंतर ते थांबलं. तेविसावा वाजला. चोविसावा वाजला. बाबांच्या कानावरच्या हेडफोनमधून गळणारा सूर मला दोन हात अंतरावर बसून ऐकू येत होता, बारीक आणि स्पष्ट. बाबा बोट बटणावर टेकवून, मान जराशी तिरकी करून, शहाण्या मुलासारखे वाट बघत होते. तिसावा. एकतिसावा. मला ओरडावंसं वाटलं, की बाबा, दाबा ना!

"ठकू, अडकलं बघ तुझं," ते म्हणाले.

चाळिसावा सूर वाजून गेला. बाबांनी हेडफोन काढले आणि माझा चेहरा पाहिला.

"अगं, एवढं काय त्यात? होतं असं. कुठेतरी चूक राहिली असेल, शोध." माझ्या पाठीवर हात फिरवून ते पियानोकडे वळले.

त्याला आज पाच दिवस झाले. आईला सांगितलं. ती म्हणाली, "तू सांग." मी म्हटलं, "तूच सांग." दोघींनीही सांगितलं नाही. मी रोज प्रोग्रॅम उघडते आणि एकेक ओळ वाचते. आपल्याच कामात चूक सापडावी म्हणून इतकी तळमळलेली विद्यार्थिनी जगात दुसरी नसेल. चूक नाही. सगळं बरोबर आहे.

शनिवारी संगीतशाळेचा कार्यक्रम आहे. त्यासाठी मोठा पियानो लावायला बाबा आज निघालेत. सूर लावायच्या किल्ल्यांची पिशवी खांद्यावर घेतली, कोटाचा खिसा चाचपून कागद असल्याची खात्री केली. स्वयंपाकघरात ओव्हन वाजायला लागला होता. आई उठली. बाबा दारात थांबले.

"सापडली का गं चूक?"

"नाही, बाबा."

"सापडेल. मन लावून शोध."