पहिलीच्या बाकावरची आई

मेक्सिकोतल्या आपोदाका शहरात येऊन वर्ष होत आलं, तरी हान-ग्योलनं शाळेत तोंड उघडलं नव्हतं. घरात तो चांगला बडबड्या होता. बहिणीशी भांडायचा, भातावर काय हवं ते तीनदा बदलून सांगायचा. पण वडिलांच्या कंपनीच्या बसमधून त्या लांबच्या इंग्रजी शाळेच्या दारात उतरला, की ओठ शिवून टाकल्यासारखे. नाव विचारलं तरी मान खाली. लघवीला जायचं असलं तरी तो हात वर करत नसे. दोनदा चड्डी ओली करून घरी आला होता.

त्याचे वडील ग्वांग-हो मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात दुय्यम व्यवस्थापक होते. कोरियातून आलेल्या झाडून सगळ्या कुटुंबांची मुलं त्याच इंग्रजी शाळेत जात. का, असं कोणी कोणाला विचारत नसे. आपण मेक्सिकोत चार-पाच वर्षांचे पाहुणे. इथली स्पॅनिश भाषा इथेच राहणार, इंग्रजी जन्मभर पुरणार, हा हिशेब सगळ्यांना पाठ होता.

वसंतात शाळेनं दोघांना बोलावून घेतलं. तिथल्या बाईंनी फार मऊ आवाजात सांगितलं, की मुलाची तपासणी करून घ्या, कदाचित त्याला वेगळ्या वर्गाची गरज असेल. ग्वांग-हो मान डोलावत राहिला. त्याच्या बायकोला, उन-सिलला, निम्मंच इंग्रजी कळलं. पण जे कळलं ते पुरे होतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात मुळा चिरत होती. बाहेर गल्लीत पोरं चेंडू खेळत होती आणि त्यांतलं एक पोर इथल्या भाषेत गळा काढून ओरडत होतं: चेंडू इकडे दे, रडीचा डाव खेळतोस, मी पाहिलंय. आवाज ओळखायला तिला क्षणभर लागला. ती खिडकीशी गेली नाही. आपल्याला पाहून तो पुन्हा मिटून जाईल अशी तिला भीती वाटली. मुळा तसाच ठेवून ती हात पुसत उभी राहिली, खेळ मोडेपर्यंत.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, की हान-ग्योलला कोपऱ्यावरच्या शाळेत घालायचं.

"कोपऱ्यावरची म्हणजे ती सरकारी?"

"हो, तीच."

ग्वांग-हो बराच वेळ बोलत होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याला मुलाची काळजीच होती. परत गेल्यावर सोलमध्ये सात वर्षांची पोरं काय काय शिकलेली असतात, तिथे या भाषेला कोण विचारतं, गावी आईला काय सांगायचं, सगळं त्यानं मांडलं. शेवटी म्हणाला, "गल्लीत चेंडू मागता आला म्हणजे शिक्षण झालं असं नाही."

"अहो, आधी त्याला वाचा फुटू दे," उन-सिल म्हणाली. "कुठल्याही भाषेत फुटू दे. कुठली भाषा उपयोगाची ते मग बघू."

उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत, असं अखेर ठरलं. तोवर फरक पडला नाही तर मुलगा मुकाट्यानं इंग्रजी शाळेत परत जाईल.

मोठी सो-दाम तेरा वर्षांची होती. तिचं त्या शाळेत छान चाललं होतं, म्हणून आईनं तिला तिथेच ठेवलं. तरी ती धुसफुसली. एकाच घरातली दोन मुलं दोन शाळांत. लोकांना वाटणार भाऊ ढ आहे. उन-सिलनं तिला एवढंच सांगितलं, की दोघांच्या पायाचं माप वेगळं आहे, एकाच मापाचे बूट मी घेणार नाही.

सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका ओरालिया कान्तू दणकट बांध्याच्या, करड्या आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी सरळ नकार दिला. वर्ष संपत आलंय. पहिलीत एक शिक्षिका आणि खोलीभर पोरं. न बोलणाऱ्या मुलाकडे ती कधी बघणार? आणि तुम्ही परदेशी लोक, आज आहात उद्या नाही. उन-सिल शब्दकोश उघडून, एकेक शब्द जोडत ऐकत होती. बाईंचं झाल्यावर तिनं घरून घोकून आणलेलं वाक्य म्हटलं.

"मी बसते."

"बसलाच आहात की, सेन्योरा."

"वर्गात. मी. त्याच्या शेजारी. रोज."

कान्तूबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, की इथे आयांना पाळीपाळीनं शाळा झाडावी लागते, संडास धुवावे लागतात. साहेबांच्या बायकांना ते जमत नाही. उन-सिलला 'झाडू' हा शब्द कळला. तिनं विचारलं, "कुठला वार?"

सोमवारी झेंड्याला सलामी देणाऱ्या रांगेत पोरांच्या मागे एक मोठी बाई उभी राहिली आणि नंतर पहिलीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली. वर्गशिक्षिका येसेनिया तरुण होती. आधी अवघडली, मग तिनं उन-सिललाही पाटी-पुस्तक दिलं आणि सगळ्यांबरोबर मा, मे, मी घोकायला लावलं. पोरांना मौज वाटली. मधल्या सुट्टीत ती तिच्याभोवती जमत, वस्तूंची नावं सांगत, ती चुकली की पोट धरून हसत. हान-ग्योल मात्र भिंतीकडे तोंड करून बसे. आईची त्याला लाज वाटत होती. संध्याकाळी गल्लीत तो ज्यांच्याबरोबर आरडाओरडा करायचा, त्यांतली दोघं याच वर्गात होती. तरी दार ओलांडलं की त्याचे ओठ मिटलेले ते मिटलेलेच. उन-सिलनं त्याला एका शब्दानं टोकलं नाही.

बातमी कारखान्यात पोचायला वेळ लागला नाही. रविवारी चर्चनंतर कोरियन मंडळींचं जेवण असे. तिथे मोठ्या साहेबांच्या बायकोनं सगळ्यांसमोर गोड आवाजात विचारलं, "हान-ग्योलच्या आई, घरात काम कमी पडतं का हो? आमच्याकडे या झाडायला."

बायका ताटात बघू लागल्या. "येईन की, साहेबीणबाई," उन-सिल म्हणाली. "फक्त मंगळवार सोडून सांगा. मंगळवारी शाळेत माझी पाळी असते."

घरी आल्या आल्या सो-दाम खोलीत गेली आणि दार आपटलं. आई मागोमाग गेली, तेव्हा ती उशीत तोंड घालून रडत होती. इंग्रजी शाळेत पोरी तिला झाडूवालीची मुलगी म्हणू लागल्या होत्या.

"तुला त्याच्यासाठी सगळं करता येतं," ती म्हणाली. "माझ्यासाठी लोकांसारखं वागतासुद्धा येत नाही."

हे खोटं नव्हतं, आणि ते उन-सिलला लागलं. ती पलंगाच्या कडेला बसली. तुला त्रास होतोय हे मला दिसतंय, ती म्हणाली. पण तुला रडता येतं, दार आपटता येतं, मला बोल लावता येतो. त्याला यातलं काहीच येत नाही. त्याला ते येईपर्यंत मी हे सोडणार नाही. तिनं सो-दामच्या पाठीवर हात ठेवला. सो-दामनं तो झटकला नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी येसेनियानं उन-सिलला वाचायला उभं केलं. माझ्या कुत्र्याची शेपूट लांब आहे, असं सोपं वाक्य होतं. पण त्यांच्या भाषेत कुत्रा म्हणजे 'पेर्रो', त्यातला र जिभेवर थरथरवावा लागतो, आणि कोरियन जीभ र वरून घसरून ल वर जाते. तिच्या तोंडून 'पेर्रो'चा झाला 'पेलो'. पेलो म्हणजे केस. माझ्या केसांची शेपूट लांब आहे. वर्ग खदखदून हसला. तिनं पुन्हा वाचलं. पुन्हा केसांनाच शेपूट फुटली. ती स्वतःही हसली, घाम पुसला आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"पेर्रो," बाकावर कपाळ टेकलेला हान-ग्योल म्हणाला. "पेर्रो, आई. र्र्र." त्याच्या आवाजात चीड होती.

वर्गातली दोन-चार डोकी वळली. येसेनिया हुशार, तिनं आश्चर्य दाखवलं नाही. "बरोबर," ती म्हणाली. "पुढची ओळ तू वाच." त्यानं डोकं न उचलता पुटपुटत ती ओळ वाचली. उन-सिल पुस्तक धरून उभीच होती. तिला अक्षरं दिसेनाशी झाली होती.

त्यानंतर तो फार बोलू लागला असं नाही. दिवसाला एखादा शब्द, कधी दोन. पण सुट्टीत तो पोरांमध्ये जाऊ लागला. दोन आठवड्यांनी कान्तूबाईंनी उन-सिलला खोलीत बोलावलं आणि म्हणाल्या, "सेन्योरा, आता उठा."

तिला वाटलं, काहीतरी चुकलं.

"तुम्ही शेजारी असलात की तो आधी तुमच्याकडे बघतो, मग बोलतो," बाई म्हणाल्या. "उद्यापासून फाटकाच्या आत यायचं नाही. मंगळवार सोडून."

साहेबीणबाईंचं बोलणं तिनं पचवलं होतं. हे पचवणं जड गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं फाटकाशी मुलाचा हात सोडला. तो आत गेला, मधेच थबकला, मागे वळला. ती पाठ फिरवून चालू लागली. घरी पोचेपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही, आणि घरी येऊन मात्र भांडी घासता घासता रडली.

सुट्टी लागली. ठरल्याप्रमाणे ग्वांग-होनं जेवताना विषय काढला. मुलगा बराच सुधारला, छान झालं. आता ऑगस्टपासून त्याला इंग्रजी शाळेत परत नेऊ. कंपनीनं जागा राखून ठेवली आहे.

उन-सिल बोलायला तोंड उघडणार, तोच हान-ग्योलनं चमचा आपटला. मी जाणार नाही, तो म्हणाला. कोरियनमध्ये सुरुवात केली. शब्द पुरेना तशी इथली भाषा घुसली. तिथे मला कोणी काही विचारत नव्हतं, इथे येसेनियाबाई विचारतात, माझा संघ आहे, मी गोलरक्षक आहे, आणि आई वाईट वाचते तरी तिला कोणी बाहेर काढलं नव्हतं, तुम्ही काही बघायला आला नाहीत, तुम्हाला काय माहीत. त्याचा आवाज चढत चालला होता.

"हळू बोल," ग्वांग-हो म्हणाला.

म्हटल्यावर तो आपल्याच शब्दांनी चपापला. या मुलाला आपण असं सांगू, हे त्याच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं.

"राहू द्या त्याला तिथेच, बाबा," सो-दाम भात कालवत म्हणाली. "निदान बसमध्ये मला शांतता मिळेल."

ग्वांग-होनं पाण्याचा पेला उचलला, रिकामा केला, खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीला कळवून ती जागा सोडली. गावी आईला मात्र त्यानं काहीच सांगितलं नाही. ती आजही शेजारणींना नातवाच्या इंग्रजी शाळेचं कौतुक सांगते.

ऑगस्टच्या शेवटी हान-ग्योल दुसरीत गेला. फाटकाशी उन-सिलनं त्याची कॉलर नीट करायला हात पुढे केला, तोवर तो पोरांच्या घोळक्यात शिरलाही होता. मंगळवार होता. तिनं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि इतर आयांबरोबर अंगण झाडायला लागली.