झाकलेल्या विहिरीचे साठ दिवस

येरमाळ्याच्या पुढं माळावर मथुराबाईची वस्ती. वस्तीवर एक विहीर, दोन म्हशी आणि एकटी मथुराबाई. फेब्रुवारीच्या शेवटी कुणीतरी फवारणीचा पंप तिच्या विहिरीत विसळला आणि पोबारा केला. औषध जुनं, कथिलाचं. त्यात कथिल आणि कर्ब यांची अशी गाठ बसलेली असते की ती पाण्यानं सुटत नाही. सुटली तर उन्हानं, तीही सावकाश.

विहीर उपसून टाकावी असं गावाच्या पहिल्या बैठकीत ठरलं. उपसलेलं पाणी कुणाच्या रानात सोडायचं, यावर बैठक मोडली. मग जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतल्या अक्षराला विचारणा झाली, की हे औषध ऊन किती दिवसांत फोडेल.

अक्षराला नोकरीत वर्षही झालं नव्हतं, म्हणून ती अजून मन लावून काम करत होती. तिच्याकडच्या कोष्टकातलं ऊन परदेशातलं, अर्धं धुक्यात भिजलेलं. ते बाजूला ठेवून तिनं धाराशिवचं ऊन धरलं, विहिरीची खोली धरली, काठाची सावली वजा केली. पाण्यावर नीट ऊन पडतं ते बारा ते दोन, एवढंच. आठवडाभर डोकं शिणवल्यावर उत्तर निघालं: मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, साठ दिवस. सरकारी कामात इतका गोल आकडा निघाल्याबद्दल तिचे साहेब उमाशंकर यांनी तिला स्वतःच्या पैशानं चहा पाजला. वस्तीवर जाऊन विहीर बघायचं मात्र दोघांच्याही मनात आलं नाही. गाडीला डिझेल नव्हतं.

कागद मथुराबाईला वाचून दाखवला गेला. ‘नैसर्गिक प्रकाशविघटनाद्वारे’ असं त्यात अक्षरानं लिहिलं होतं. वाचणाऱ्याला ते कळलं नाही, म्हणून त्यानं ते गाळलं. मथुराबाईला कळलं ते एवढंच की साठ दिवस विहिरीला हात लावायचा नाही. ती शेजारच्या वस्तीवरच्या बोअरचं पाणी डोक्यावर वाहू लागली. ते बोअर मेच्या मध्यावर आटतं, हे साऱ्या माळाला ठाऊक. त्याच्या आत विहीर मिळाली तर म्हशी राहणार, नाही तर विकाव्या लागणार.

एकसष्टाव्या दिवशी जीपला डिझेल मिळालं. साहेबांनी विहिरीच्या पूजेसाठी हार घेतला, अक्षरानं नमुन्याच्या बाटल्या घेतल्या. वस्तीवर उतरून बघतात तर विहीर कुठं दिसेना. काठापासून काठापर्यंत पत्रे, पत्र्यांना तारा, तारांना लाखेची मोहोर आणि वर धोंडे.

हे कुणी केलं, असं अक्षरानं विचारलं. मथुराबाईनं कौतुकानं सांगितलं की कागद आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या खात्याची माणसं आली होती. खराब पाण्याची विहीर उघडी ठेवायची नाही, असा त्यांचा नियम. त्यांनी पत्रे ठोकले, फोटो काढले आणि गेले. काम चोख होतं, नावं ठेवायला जागा नाही.

“दोनदा वावटळ आली, पत्रे उचकाटले,” मथुराबाई म्हणाली. “म्या पळत आले अन् वर धोंडे रचले. चिमणी सुदिक आत जाऊ दिली न्हाय.”

अक्षराच्या पायाखालची जमीन सरकली. उमाशंकर साहेबांचं काही सरकलं नाही. अंदाज बरोबरच होता, त्यांनी समजावलं. साठ दिवस ऊन पडलंच, फक्त ते पत्र्यावर पडलं, आणि पत्रे आपल्या खात्याचे नाहीत. मुदत संपली, तेव्हा पाणी शुद्ध असा शेरा मारून सही करावी.

अक्षरानं सही न करताच कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

“मावशी, औषध मोडणार होतं ते उन्हानं. ऊन आत गेलंच नाही. पाणी पहिल्या दिवशी होतं तसंच विषारी आहे. मी येऊन तुम्हाला सांगायला हवं होतं. आले नाही, चूक माझी आहे.”

मथुराबाई पत्र्यांकडं वळली.

“म्हंजी वावटळीनं पत्रा उचलला, तवा ऊन आपलं काम करत हुतं. अन् म्याच पळत यिऊन त्याला भाईर काढलं.”

अक्षराला स्वतःची विलक्षण लाज वाटली. तिकडं साहेब हिशेब करत होते: मोहोर त्या खात्याची, ती काढायला पत्रव्यवहार लागणार, पुढं जूनचे ढग, म्हणजे नवा अंदाज शंभराच्या वरच जाणार. ते बोलत असतानाच अक्षरानं पहिला धोंडा ढकलला. मथुराबाई दुसऱ्या बाजूनं लागली. मोहोर तुटली तेव्हा साहेब तोंड फिरवून जीपकडं गेले.

दुपारचा एक वाजला होता. ऊन थेट पाण्यावर पडलं. मथुराबाईनं दोन महिन्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं.

“आता हुईल निर्मळ,” ती म्हणाली.

मग ती गोठ्यात गेली आणि म्हशींच्या शिंगांना तेल चोळायला बसली. बोअर दोन दिवसांपूर्वीच आटलं होतं, आणि बाजार उद्याचा होता.