कबूल केलेली वेणी

मित्रांनो, मी एक जुनी वेणी आहे. एकेकाळी मी कमरेपर्यंत लांब होते. आता माझी जेमतेम एक बट उरली आहे, आणि ते का, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी वाढले कपडे शिवणाऱ्या एका बाईच्या डोक्यावर. यंत्राच्या चाकात अडकू नये म्हणून ती मला मानेभोवती गुंडाळून कामाला बसे. तिची मुलगी मोठी, नोकरी करणारी. पण सुटीच्या दिवशी आईला विंचरायचं काम तिचंच.

"आई, मान हलवू नकोस."

"माझीच मान आहे, हलणारच!"

एकदा एका गिऱ्हाइकाची लहान मुलगी गणवेशाचं माप द्यायला आली. आजारात तिचे सगळे केस गळाले होते. डोक्याला रुमाल होता. ती माझ्याकडेच बघत राहिली.

"काकू, खरी आहे?"

"ओढून बघ."

तिने चांगलीच ओढली.

"अगं, मुळासकट नेतेस की काय!" बाई कळवळून हसली. "शाळा कधीपासून?"

"केसांचा टोप मिळाला की. नाहीतर पोरं रुमाल ओढतात."

"मग ही वेणी तुझी. कबूल."

मला तेव्हा केवढा अभिमान वाटला!

छोटीसाठी टोप विणणाऱ्या एक ताई होत्या; त्यांच्याकडे बाकीचे केस जमले होते, लांब केस तेवढे कमी पडत होते. बाईने मला घरीच कापून घेतलं, दोन्ही टोकांना रबर लावलं आणि आपल्या मुलीला बजावलं, "हे सोडायचं नाही हं. सगळ्या केसांची मुळं एकाच बाजूला राहायला हवीत. उलटसुलट झाले, तर टोपाचा गुंता होतो."

मला पोचवायचं राहिलं. त्याच आठवड्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाई गेली.

मुलीने मला आईच्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवलं. ती दार उघडून मला नाकाशी धरी. ताईंचे निरोप येत. "पाठवते," ती म्हणे आणि कपाट लावून घेई. खरं सांगते मित्रांनो, मलाही ते आवडत होतं. टोपात मी चारचौघींत मिसळून गेले असते. इथे मी कुणाची तरी अख्खी आई होते.

अशाच एका सुटीच्या दिवशी तिने मला मांडीवर घेतलं, रबरं सोडली आणि विंचरू लागली. हाताला सवयच ती. पण मला धरून ठेवायला आता डोकं नव्हतं. मी घसरले आणि फरशीभर पसरले. ती गुडघ्यांवर बसून केस गोळा करत राहिली. मूळ कोणतं, टोक कोणतं, कशावरून ओळखणार?

जे हाती आलं ते घेऊन ती ताईंकडे धावली. ताईंनी बराच वेळ पाहिलं. रागावल्या नाहीत. "एवढी बट सरळ आहे," त्या म्हणाल्या. "टोप आखूड करू."

टोप झाला तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलं होतं. त्या छोटीने आरशात पाहिलं.

"काकूंची वेणी एवढीच होती?"

"नाही गं," मुलगी म्हणाली. "मी ठेवून घेतली होती."

छोटी आरशापासून तिच्याकडे वळली. "मग तसं सांगायचं ना. मी वाट बघत होते."

मुलीने मला तिच्या कपाळावर नीट बसवलं.

आता मी त्या छोटीच्या कपाळावर असते. ती मागच्याच वर्गात पुन्हा बसते. तिच्या मैत्रिणी पुढे गेल्या. मधल्या सुटीत ती खिडकीशी एकटीच डबा खाते. वारा आला की मी तिच्या डोळ्यांवर येते आणि ती मला हळूच बाजूला सारते.

मित्रांनो, कुणाला काही द्यायचं कबूल केलंत, की ते त्याचं झालं. आपल्याकडे ते कितीही मायेने जपलं, तरी ते दुसऱ्याचंच असतं. द्यायला जीव होत नसेल, तर निदान तसं सांगा. कुणाला दाराकडे डोळे लावून बसवू नका.