ऐझिरेकचा प्रश्न

मित्रांनो, मी दूर नारीन नावाच्या मुलखातल्या एका डोंगरी शाळेचं जुनं वाचनपुस्तक आहे. छापखान्यातून आलो तेव्हा अंगाला ताज्या शाईचा वास होता. त्यानंतर एकवीस वर्षं मी भरपूर पाठ झालो. समजलो किती, ते कुणी विचारलं नाही.

माझ्या सदतिसाव्या पानावर एक गोष्ट आहे. गरीब मेंढपाळ म्हातारा पाहुण्यासाठी आपला एकुलता एक घोडा कापतो. खाली प्रश्न : 'म्हाताऱ्याच्या दिलदारपणाचे वर्णन करा.' मुलं वर्णन करत आणि पाचपैकी पाच गुण घेऊन घरी जात.

मग शिकवायला बुरुलाय एजे आल्या; आमच्याकडे बाईंना एजे म्हणतात आणि सरांना आगाय. त्यांनी तो प्रश्न तळव्यानं झाकला आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

नऊ दिवस मुलांनी दिलदारपणाचंच वर्णन केलं. दहाव्या दिवशी ऐझिरेक पुटपुटली, "एजे, त्याच्या बायकोला कुणी विचारलं का? बर्फात पाणी तीच आणते ना, घोड्यावरून?"

एजेंनी ते माझ्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

पुढच्याच महिन्यात जिल्ह्याहून पाहणी ठरली. विषय : मुलांचा स्वतंत्र विचार. मुख्याध्यापक तोकोय आगायनी रिवाजाप्रमाणे आठवडाभर तालीम लावली. माझ्या समासात एकेक मत लिहून त्यापुढे एकेका मुलाचं नाव घातलं. ऐझिरेकच्या ओळीपुढे नाव पडलं नुरदोलोतचं.

"आगाय, हा प्रश्न ऐझिरेकचा आहे," एजे म्हणाल्या.

"असू दे की. पोरीचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही. नुरदोलोत विचारील. तो ओरडला की कुरणातले घोडे थांबतात."

"मग ती काय बोलणार?"

"म्हातारा थोर होता, म्हणेल. तेही मतच आहे."

"तिला तसं वाटत नाही."

"अहो, पाहणीच्या दिवशी वाटायला वेळ कुठं असतो?"

पाहुणे आले. नुरदोलोत दणदणीत विचार करून खाली बसला. टाळ्या पडल्या. ऐझिरेक उभी राहिली. मी तिच्या हातात उघडा होतो, तिचा अंगठा समासातल्या त्याच ओळीवर. वाटलं, पान फडफडवावं, निदान खाली तरी पडावं. जमलं नाही. ती म्हणाली, "म्हातारा थोर होता."

तास संपल्यावर एजेंनी विचारलं, "तुझं तू का नाही बोललीस गं?"

"ते आता नुरदोलोतला पाठ आहे, एजे. माझं बरोबर आलं ना?"

शाळेला प्रशस्तिपत्र मिळालं. एजे अजूनही प्रश्न झाकतात. ऐझिरेक मात्र आता आधी हात वर करते : "एजे, माझ्या नावापुढं काय लिहिलंय?"

मित्रांनो, पान फाटलं तर खळीनं चिकटतं; काढून घेतलेला प्रश्न परत चिकटत नाही. कुणी हळू आवाजात काही विचारलं, तर ते त्याच्याचकडे राहू द्या. माझ्याच्यानं तेवढंही झालं नाही.