वाकवलेला तुकडा

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "चांगला मजबूत पत्रा दाखवा." पत्रा म्हणजे जणू जावईच, मजबूत असला की झालं! मी विचारते, त्याला लागणार काय आहे? पाणी, मीठ, ऊन, तेल, की नुसती धूळ? घरातलं कपाट करायचं असेल तर काळा पत्रा घ्या, रंग मारा आणि विसरून जा. उघड्यावर राहणार असेल तर जस्ती पत्रा. वजनाला हलकं हवं असेल आणि दणके बसणार नसतील तर ॲल्युमिनियम. काउंटरला काच नको असेल तर ॲक्रिलिक, पण ते कोरड्या फडक्याने पुसू नका, चरे पडतात. गिऱ्हाईक हे सगळं शांतपणे ऐकून घेतं आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारतं, "शेठ आहेत का?"

शेठ म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याला दात यायच्या आधी ही पदवी आली होती. बाबा त्याला पाळण्यातच शेठ म्हणायचे, मग कारागीर म्हणू लागले, मग सगळी गल्ली. मला सगळे ताई म्हणतात. बाबासुद्धा ताईच म्हणतात. ताईने चहा सांगायचा, ताईने पत्रा आणायचा, ताईने कापायच्या रेघा मारायच्या, आणि रेघ चुकली तर तीही ताईचीच.

पुढे दुकान आणि मागे शेड, असा आमचा पसारा. शेडमध्ये कातरी, पत्रा वाकवायचा प्रेस आणि कोपऱ्यात वेल्डिंगची जागा. हे सगळं बाबांनी स्वतःच्या हाताने उभं केलं. गेल्या वर्षापासून मात्र त्यांना मापपट्टीवरच्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या. ते कबूल करत नव्हते, पट्टी उजेडात धरून उगाच घसा खाकरायचे. एक दिवस जेवताना, आम्ही दोघं समोर बसलेलो असताना, ते ताटाकडे बघत म्हणाले, "डेअरीचं काम आलंय. ज्याच्या हातून ते नीट होईल, दुकान त्याचं."

माझा घास हातातच राहिला. मला ते दुकान हवं होतं. आडवळणाने कशाला सांगू, जीव टाकून हवं होतं. लग्न केलं नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही, पण कातरीपाशी उभं राहून पंचवीस वर्षं काढल्यावर दारावरच्या पाटीत आपण कुठेच नाही, याचं रोज वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

डेअरीला दुधाच्या चौकोनी, उघड्या टाक्या हव्या होत्या. दूध काही फार वाईट वागत नाही, पण टाक्या रोज धुतात ते पाणी वाईट. कधी सोडा, कधी ॲसिड, कधी जंतू मारायचं औषध. तिथे स्टेनलेसचा तीनशे चार नंबरच हवा, कारण त्यात निकेल पुरेसं असतं. बाजारात त्याचा एक सावत्र भाऊ मिळतो, दोनशे दोन. निकेल कमी करून त्यात मँगनीज घातलेलं. चमक तीच, वजन तेच, किंमत कमी. पण तेरड्याचा रंग तीन दिवस. कपाटाच्या मुठीला तो चालतो, ॲसिडाने धुवायच्या टाकीला नाही.

मी व्यापाऱ्याच्या गोदामात गेले, थप्पीतले पत्रे स्वतः उपसून पाहिले. पत्र्यावरच्या शिक्क्यावर माझा विश्वास नाही, शिक्का कोणीही मारतो. एक औषध मिळतं, त्याचा थेंब पत्र्यावर टाकून बॅटरी लावायची. मँगनीजवाला पत्रा असेल तर थेंब लाल होतो. माझा थेंब लाल झाला नाही. त्यातला एक तुकडा आणला आणि प्रेसवर काटकोनात वाकवला. घडीवर चीर जात नाही हे बाबांना दाखवायचं होतं. शहाणपणा नडला तो इथे.

शेठनेही एक तुकडा आणला होता. त्याच्या कुठल्याशा मित्राचं नवं गोदाम होतं. सपाट, कोरा, आरशासारखा तुकडा.

"तोच माल आहे, ताई," तो म्हणाला. "स्वस्तात मिळतोय तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

"तोच असेल तर थेंब टाकून बघू."

"घ्या! ही आता पत्र्याला नेलपॉलिश लावणार." कारागीर हसले. वेल्डरकाका तेवढे हसले नाहीत, त्यांनी वेल्डिंगच्या मुखवट्याची काच पुसायला घेतली.

बाबांनी खिशातून लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरमधून काढलेला तो काळा तुकडा म्हणजे आमच्या घरातला सर्वोच्च न्याय. चुंबक चिकटलं तर माल खोटा, नाही चिकटलं तर खरा. बाबांनी या एका नियमावर आयुष्य काढलं, आणि साधं लोखंड ओळखायला तो नियम पुरेसा आहेही. पण दोनशे दोनलाही चुंबक चिकटत नाही. आणि तीनशे चार वाकवला की घडीवर, फक्त घडीवर, ते हलकंसं ओढ घेतं. पत्रा खोटा म्हणून नव्हे, वाकवला म्हणून.

चुंबक शेठच्या सपाट तुकड्यावरून घसरून खाली पडलं. माझ्या तुकड्याच्या सपाट भागावरूनही घसरलं. मग बाबांनी ते घडीवर धरलं, आणि हात सैल सोडला तरी ते तिथे किंचित अडकून राहिलं.

मी पुढे झाले.

"बाबा, ते वाकवल्यामुळे आहे. सपाट जागी धरा ना पुन्हा. नाहीतर त्याचा तुकडाही वाकवून..."

"चुंबक खोटं बोलत नाही," बाबा म्हणाले.

"चुंबक खोटं बोलत नाही, पण त्याला सगळं कळतही नाही. थेंब टाकू, एक मिनिटाचं काम आहे."

"ताई." त्यांनी चुंबक खिशात ठेवलं. "हट्ट नको. शेठचा पत्रा घ्यायचा."

आपला तो बाळ्या म्हणतात, तो आमच्या घरी अगदी खराखुरा होता. वाकवलेला तुकडा मी भंगारात टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच टाक्यांच्या रेघा मारायला घेतल्या, कारण रेघा मारायच्या कोणी? शेठला शाई लागलेली बोटं आवडत नाहीत. पत्रा मी कापला, प्रेसवर नेहमीप्रमाणे बाबा स्वतः उभे राहिले, वेल्डरकाकांनी जोडलं. टाक्या गाडीत चढल्या तेव्हा शेठने त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

काही महिन्यांनी डेअरीच्या मॅनेजरचा फोन आला. टाक्यांना डाग पडलेत, पिवळे, कोपऱ्याकोपऱ्यांतून, घासून जात नाहीत. फोन मीच घेतला होता. मला आनंद झाला. होय, झाला! गिऱ्हाईकाचं नुकसान झालेलं, आमच्या नावाला बट्टा लागलेला, आणि मी पदराआड हसत होते. आता बाबांना दिसेल, एवढं एकच डोक्यात होतं. डोळे अधू असले तरी एवढे मोठे डाग तर दिसतील.

आम्ही तिघंही गेलो. थंडगार खोली, ओली फरशी, आंबूस वास. टाक्यांच्या कोपऱ्यांत चहा सांडून वाळावा तसे डाग होते. बाबांनी वाकून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि बराच वेळ टाकीकडेच बघत राहिले. शेठ फोनमध्ये काहीतरी शोधत होता. जे शोधत होता ते त्याला सापडत नव्हतं.

"पत्रा कोणी निवडला होता?" मॅनेजरने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्याला फक्त माहिती हवी होती.

बाबा सरळ उभे राहिले. गुडघा दुखतो म्हणून त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. आणि तो हात खांद्यावर तसाच ठेवून म्हणाले, "पत्र्याचं सगळं हिच्याकडे असतं. हिची चूक झाली. आम्ही बदलून देऊ."

मॅनेजर माझ्याकडे बघून हळहळला. "बाई, दुधाचं काम आहे हो. जरा बघून घ्यायचं."

एरवी मी गप्प बसले असते. दुकानात मिळते त्याहून मोठी तालीम गप्प बसण्याची कुठे मिळणार? पण तो हात अजून खांद्यावर होता. तो मी बाजूला केला.

"पत्रा मी निवडला नव्हता," मी म्हणाले. "मी तीनशे चार आणला होता. तो नाकारून हा घेतला, माझ्या भावाने आणलेला. मी नको म्हणत होते."

शेठने फोन खिशात टाकला. "ताई, काय चाललंय?"

"खरं ते सांगतेय."

मॅनेजरने दोन्ही हात वर केले. "हे बघा, घरचं भांडण घरी. मला टाक्या हव्यात." आणि तो निघून गेला. माझं खरं त्या ओल्या फरशीवर तसंच पडून राहिलं, त्याची गरज कोणालाच नव्हती.

दुकानाशी आल्यावर शेठ गाडी लावायला म्हणून जो गेला तो आलाच नाही. कारागीर जेवायला गेले होते. शेडमध्ये मी आणि बाबा दोघंच राहिलो. ते प्रेसजवळच्या स्टुलावर बसले.

"परक्या माणसासमोर बापाला खोटं पाडलंस," ते म्हणाले.

"तुम्ही मला पाडलंत त्याचं काय? चुंबक फसलं, ठीक आहे, माणूस फसतो. पण आज तरी..."

"चुंबक फसलं, हात नाही फसला," बाबा थकलेल्या आवाजात म्हणाले. "पहिली घडी घातली तेव्हाच मला कळलं. दाब सोडला की पत्रा उलटा उसळत होता. तीनशे चार इतका उसळत नाही. एवढी वर्षं वाकवतोय, हाताला कळणार नाही?"

एका टाकीच्या घड्या, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. प्रत्येक घडीला त्यांना माहीत होतं, आणि मी शेजारी उभी राहून पुढचा पत्रा सरकवत होते.

"मग थांबवलं का नाहीत?"

"कारागिरांसमोर थांबवू? त्याला काय तोंड राहिलं असतं? उद्या त्याला याच माणसांकडून काम करून घ्यायचंय."

"आणि मला काय तोंड राहिलं?"

"तुझं काय," ते म्हणाले. "तू घरातली. तू सोसशील."

"तुम्हीच म्हणाला होतात, ज्याच्या हातून नीट होईल दुकान त्याचं. आम्ही दोघं समोर होतो. मी नीटच करत होते, बाबा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं की राग येईल, निदान शरम तरी. त्यांच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं.

"अगं, ते त्याला चेव यावा म्हणून म्हटलं होतं," ते म्हणाले. "तुला कुठे दुकान चालवायचं होतं?"