ओलांडलेली पोर
सृष्टी दोन वर्षांची असताना मी तिला ओलांडलं. मिरजगावच्या आमच्या मळ्यात कांदा काढणी चालू होती. ती बांधाजवळ गोधडीवर झोपली होती आणि डोक्यावर पाटी घेऊन मी तिच्यावरून पाय टाकून गेले. ओलांडलेल्या पोराची उंची वाढत नाही, असं आमच्याकडे मानतात. लगेच उलटं ओलांडलं की दोष जातो. पण पाटी उतरवून येईपर्यंत पोरगी उठून बसली होती, आणि सासूबाईंनी सगळं पाहिलं होतं.

पुढं पोरगी वाढेनाच. "तुज्यामुळं पोर ठेंगणी ऱ्हायली," सासूबाई पाहुण्यांसमोरही म्हणायच्या. बारा वर्षं ऐकून घेतलं. उलट बोलणार कुठल्या तोंडानं? मलाही तसंच वाटत होतं.

यंदा शाळेतल्या बाईंनी हट्टच धरला म्हणून तिला नगरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या डॉक्टर यामिनी मॅडमनी हाताचा, गुडघ्याचा एक्स-रे काढायला लावला, रक्त पुण्याला पाठवलं. तिकडं एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, हाडं अजून वाढती असतील तर हिचं नाव घालू, म्हणाल्या. त्या दिवसापासून सृष्टी रोज भिंतीला पाठ लावून उंचीची खूण करायला लागली.

काल रिपोर्ट घ्यायला गेलो.

"हाडाच्या टोकाशी कूर्चेचा मऊ थर असतो," मॅडम एक्स-रे उजेडात धरून सांगू लागल्या. "त्यातल्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. मग त्या थांबतात, फुगतात आणि त्यांच्या जागी हाड तयार होतं. कधी थांबायचं, हे सांगणारी यंत्रणा पेशीतच असते. हिची नको इतकी कडक आहे, म्हणून पेशी लवकर थांबतात. पोटात असल्यापासूनचं आहे हे. कुणाची चूक नाही."

कुणाची चूक नाही म्हणे. मग बारा वर्षं मी कसली शिक्षा भोगली? फार संताप आला.

"मग औषध कधी चालू करायचं?" सृष्टीनं विचारलं.

"तो थर आता उरला नाही, बाळा. सगळं हाड झालंय, आता औषधाचा उपयोग नाही. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून माझ्याकडे असतीस तर चाचणी सुरू झाली तेव्हाच, वेळेत देता आलं असतं. तेव्हा कुणी सांगितलं नाही का?"

"चौथीत शाळेत तपासणीला डॉक्टर आले होते. नगरला दाखवा म्हणून चिठ्ठी दिली होती. माझ्याकडून हरवली."

हरवली नव्हती. मी ती चुलीत घातली होती. नगरचे डॉक्टर विचारतील, हे कशानं झालं, आणि मला माझ्या तोंडानं सांगावं लागेल, याची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तिनं चिठ्ठी मागितली, तेव्हा 'तूच हरवलीस' म्हणून पाठीत धपाटाही घातला होता.

"एवढी महत्त्वाची चिठ्ठी अशी हरवतात का गं?" मॅडम म्हणाल्या.

"चुकलं माझं," सृष्टी म्हणाली.

मी खाली मान घालून एक्स-रे पाकिटात भरत राहिले.